नाताळची चूल आणि नाताळचे ताट

नाताळविषयक कथावाङ्मयात मेजवान्या पुष्कळ आहेत. स्वयंपाक मात्र थोडा आहे. भाजलेला पक्षी, वाफाळलेले पुडिंग, मेणबत्त्यांच्या उजेडात चमकणारे पेले यांचे वर्णन करताना लेखकांची लेखणी उत्साहाने चालते. पण ते पदार्थ घरात आले कसे, त्यांसाठी पैसा कोठून उभा राहिला, पीठ कोणी चाळले, भांडी कोणी घासली आणि ताट नेमके कोणासाठी वाढले, हे प्रश्न बहुधा स्वयंपाकघराच्या दारातच अडून राहतात. वाङ्मयाच्या दृष्टीने हा किरकोळ तपशील नव्हे. सणाच्या अन्नाचा अर्थ ताटात असतो त्याहून अधिक त्याच्या तयारीत असतो, असे मला वाटते. हे मत पडताळून पाहण्यासाठी येथे तीन इंग्रजी कलाकृतींचा विचार केला आहे: चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३), जेम्स जॉइसच्या ‘अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ (१९१६) या कादंबरीतील नाताळच्या जेवणाचा प्रसंग आणि ट्रुमन कपोटीची ‘अ ख्रिसमस मेमरी’ (१९५६) ही कथा.

आपल्या श्रद्धेच्या अंगाने पाहिले तरी तयारीचे महत्त्व आगळे आहे. ख्रिस्तसभेने नाताळपूर्वी चार रविवारांचा आगमनकाळ ठेवला तो वाट पाहण्यासाठी. १९१७ च्या धर्मसभा-कायद्यात नाताळचा आदला दिवस उपवासाचा आणि मांस वर्ज्य करण्याचा होता; १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम बदलले तेव्हा ते बंधन गेले. म्हणजे चुलीवर सणाचे पदार्थ शिजत असताना शिजवणारे स्वतः उपाशी असण्याचा तो दिवस होता. शिवाय ‘बेथलेहेम’ या हिब्रू नावाचा अर्थच ‘भाकरीचे घर’ असा आहे, आणि बालयेशूला निजवले तेही जनावरांना चारा घालण्याच्या गव्हाणीत. अन्न हा विषय नाताळच्या कथेत मागाहून येऊन चिकटलेला नाही. तो मुळातच तेथे आहे.

१

डिकन्सच्या क्रॅचिट कुटुंबाचे जेवण सर्वश्रुत आहे. बॉब क्रॅचिट हा स्क्रूजच्या कचेरीतील कारकून. पगार आठवड्याला पंधरा शिलिंग, आणि घरात सहा मुले. एवढ्या मिळकतीत नाताळला भाजलेला हंस करायचा म्हणजे मोठेच साहस. डिकन्सची थोरवी अशी की त्याने हे साहस कामाच्या वाटणीतून दाखवले आहे. आईने रस्सा आधीच करून ठेवला आहे आणि ती तो कढत ठेवते. पीटर बटाटे कुस्करतो. बेलिंडा सफरचंदाच्या सॉसमध्ये साखर घालते. मार्था गरम ताटल्या पुसते. दोन लहानगी खुर्च्या मांडतात. आणि बॉब पंगू टिमला आपल्याजवळ कोपऱ्यात बसवून घेतो. काम नाही असा एकही जीव त्या खोलीत नाही. हंस लहान असेल, पण तो सर्वांच्या हातचा आहे.

येथे एक तपशील आजच्या वाचकाच्या नजरेतून सहज निसटतो. हंस घरात भाजलेला नाही. पीटर आणि दोन धाकटी मुले तो बेकऱ्याकडून आणायला जातात. त्या काळातील लंडनच्या गरिबांच्या घरी भट्टी नसे. रविवारी आणि सणाला ते आपले मांस बेकऱ्याच्या भट्टीत भाजून घेत. १८३० च्या दशकात रविवारचे सर्व व्यवहार बंद पाडू पाहणारी विधेयके ब्रिटिश संसदेत वारंवार मांडली गेली. डिकन्सने १८३६ साली त्यांच्याविरुद्ध एक पुस्तिका लिहिली, आणि ‘कॅरल’मध्येही स्क्रूज व नाताळचा आत्मा यांच्या संवादात हा विषय आणला. धर्माच्या नावाखाली गरिबाचे आठवड्यातील एकमेव गरम जेवण हिरावून घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. चुलीचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न आहे, हे त्याने ओळखले होते.

पुडिंगचा प्रसंग तर मातेच्या मनाचा सूक्ष्म अभ्यास आहे. ते कपडे उकळण्याच्या हंड्यात, फडक्यात बांधून शिजलेले. म्हणून खोलीभर धुण्याच्या दिवसाचा वास सुटतो. ते बाहेर काढताना आपल्याला कोणी पाहू नये म्हणून मिसेस क्रॅचिट एकटीच आत जाते. ते मोडले तर? परसातल्या भिंतीवरून उडी मारून कोणी चोरून नेले असेल तर? पुडिंग सुखरूप मेजावर आल्यानंतरच ती कबूल करते की पिठाच्या प्रमाणाविषयी तिच्या मनात धाकधूक होती. एवढ्या माणसांना ते पुडिंग लहान आहे, हे सर्वांना दिसते. बोलून मात्र कोणी दाखवीत नाही. गरिबीतले औदार्य असे मौनात असते. ज्या गृहिणीने मोजक्या पैशांत सण उभा केला आहे तिला या दोन परिच्छेदांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र याच कथेच्या शेवटाकडे मी थोड्या साशंकतेने पाहतो. पश्चात्ताप पावलेला स्क्रूज नाताळच्या सकाळी दुकानातील सर्वांत मोठा टर्की विकत घेतो आणि देणाऱ्याचे नाव न कळवता घोडागाडीतून क्रॅचिटच्या घरी धाडतो. वाचक आनंदतो. पण एवढा प्रचंड पक्षी, भट्टी नसलेल्या घरात, सणाच्या सकाळी मिसेस क्रॅचिटने शिजवायचा कसा? हंसाची एवढी बारीक हकीगत सांगणारा डिकन्स टर्कीच्या शिजण्याविषयी अवाक्षर काढीत नाही. तो खाल्ला गेल्याचेही दाखवीत नाही. देणगी दारापर्यंत पोहोचते आणि लेखकाचे लक्ष स्क्रूजबरोबर निघून जाते. डिकन्सच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की दुसऱ्याच दिवशी स्क्रूज बॉबचा पगार वाढवतो. सणाच्या टर्कीपेक्षा बाराही महिन्यांचा वाढीव पगार क्रॅचिटच्या चुलीला अधिक उपयोगी होता, हे डिकन्सला कळत होते.

२

जॉइसच्या कादंबरीतले घर आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे आहे, कारण ते कॅथलिक आहे. लहानगा स्टीफन शाळेतून सुटीला आला आहे आणि प्रथमच वडीलधाऱ्यांच्या मेजावर बसला आहे. जेवणापूर्वीची प्रार्थनाही तोच म्हणतो. शेगडीत आग धगधगते आहे, भिंतीवर हॉली आणि आयव्हीची पाने आहेत, धाकटी भावंडे पुडिंग येईपर्यंत आपल्या खोलीत वाट पाहात आहेत. सण सजायला आणखी काय हवे?

पण हे जेवण शिजताना आपल्याला दिसत नाही. स्टीफनला आठवतो तो स्वयंपाकघरातील मेजावर बांधून ठेवलेला कच्चा टर्की, वडिलांनी त्यासाठी मोजलेली एक गिनी आणि ज्या प्रतिष्ठित दुकानातून तो आणला त्याचे नाव. ताटे नोकर आणतात; आई मागून येऊन त्यांना सूचना देते. म्हणजे या मेजाला किंमत आहे, सजावट आहे, पण मेजाभोवती बसलेल्यांच्या हातांचा त्याला स्पर्श नाही. आणि मग वाद पेटतो. आयर्लंडचा नेता पार्नेल घटस्फोटाच्या खटल्यात गुंतला, १८९० साली आयरिश बिशपांनी त्याचे नेतृत्व अमान्य केले आणि १८९१ च्या ऑक्टोबरात तो मरण पावला. स्टीफनचे वडील आणि पाहुणे मिस्टर केसी पार्नेलच्या बाजूचे; घरात राहणारी डॅन्टी बिशपांच्या बाजूची. धर्मगुरूंनी राजकारणात बोलावे की बोलू नये, यावर शब्दाला शब्द वाढत जातो. निदान आजच्या दिवशी तरी हे नको, अशी आई पुन्हा पुन्हा विनवणी करते. अखेर डॅन्टी संतापाने उठून निघून जाते, केसी आपल्या मृत नेत्यासाठी हुंदके देतो आणि भेदरलेला स्टीफन वडिलांच्या डोळ्यांत आलेले पाणी पाहतो.

या प्रसंगाची राजकीय चर्चा समीक्षकांनी भरपूर केली आहे. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. निळसर ज्वाळांनी वेढलेले, बदामांनी आणि हॉलीच्या पानांनी सजवलेले, वर हिरवा झेंडा खोवलेले पुडिंग जेवणाच्या शेवटी येणार, या कल्पनेत स्टीफन रंगलेला असतो. ते पुडिंग प्रसंग संपला तरी येत नाही. खोलीत वाट पाहणाऱ्या भावंडांचे काय झाले, हेही आपल्याला कळत नाही. जॉइसने त्याविषयी एक शब्दही खर्चला नाही, आणि म्हणूनच ते न आलेले पुडिंग मनात राहते. मोठ्यांचे सिद्धांत जिंकले किंवा हरले. मुलांचा नाताळ मात्र मेजापर्यंत पोहोचलाच नाही. धर्मग्रामातील गटबाजी, जमिनीचे तंटे, निवडणुकांतील बाजू घेऊन नाताळच्या जेवणाला बसणाऱ्या आपल्या घरांना जॉइसचा हा प्रसंग अस्वस्थ करील, आणि तसा तो करावा.

एकत्र राबले असते तर ही माणसे भांडली नसती, असा भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. पार्नेलचे दुःख खरे होते, आणि डॅन्टीची निष्ठाही खरी होती. पण ज्या मेजामागे सामाईक श्रम नाहीत त्याला भांडणाच्या वेळी सावरून धरणारे काही उरत नाही. क्रॅचिटच्या मेजावर पुडिंग लहान आहे असे कोणी म्हणत नाही, कारण त्यामागची धाकधूक प्रत्येकाला ठाऊक आहे. डेडलसच्या मेजावर प्रत्येकजण मनात येईल ते बोलतो.

३

कपोटीच्या कथेत हा क्रम पूर्णपणे उलटा आहे: येथे मेजवानी जवळजवळ नाही, तयारीच सारी कथा आहे. १९३० च्या दशकातील मंदीचा काळ, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील एक गाव. सात वर्षांचा बडी आणि साठी ओलांडलेली, मनाने बालकच राहिलेली त्याची दूरची चुलत बहीण एका मोठ्या घरात नातेवाइकांच्या आश्रयाने राहतात. नोव्हेंबरच्या एका सकाळी तिला हवेतला बदल जाणवतो आणि ती जाहीर करते की केक करण्याचे दिवस आले. लेखकाच्या बालपणावर आधारलेली ही कथा त्या क्षणी सुरू होते.

नियोजनाचा इतका तपशीलवार हिशेब अन्य कोणत्या नाताळकथेत असेल असे वाटत नाही. वर्षभर जुन्या वस्तू विकून, ब्लॅकबेरी वेचून, जॅम-जेली करून, लग्नांना आणि अंत्यविधींना फुले पुरवून, एवढेच काय, पंचवीस माशांमागे एक सेंट या दराने घरातल्या माशा मारूनही, त्यांनी पैसा साठवला आहे. तो तिच्या पलंगाखालच्या सैल फळीखाली दडवलेल्या बटव्यात असतो. मोजणीत बारा डॉलर त्र्याहत्तर सेंट भरतात. बडीच्या मोजणीप्रमाणे मात्र नेमके तेरा. तेराचा आकडा अशुभ, म्हणून एक सेंट खिडकीबाहेर फेकला जातो. मग सुकी फळे, मसाले, पीठ, लोणी, अंडी यांची खरेदी. व्हिस्की विकण्यास त्या राज्यात बंदी असल्याने ती नदीकाठच्या एका बदनाम गुत्त्यातून आणावी लागते. गुत्त्याचा मालक दिसायला भयंकर. पण तो पैसे परत करतो आणि त्याऐवजी एक केक मागतो. परतताना ती ठरवते की त्याच्या केकमध्ये एक कपभर बेदाणे जास्त घालायचे.

पेकन नावाची अक्रोडासारखी फळे मात्र विकत घेतलेली नाहीत. मळ्याच्या मालकाने झाडे झोडून पीक विकून टाकले आहे. पानांखाली आणि गवतात जी चुकून राहिली ती ही दोघे पाठ मोडेपर्यंत वेचतात आणि जुन्या बाबागाडीत भरून घरी आणतात. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: सरवा. मराठी बायबल वाचणाऱ्याला येथे रूथ आठवावी. शेताच्या कडेचे पीक आणि पडलेली कणसे गरिबासाठी व परक्यासाठी सोडावीत, अशी लेवीय ग्रंथाची आज्ञा आहे. त्या आज्ञेच्या आधाराने परदेशी विधवा रूथ हिने सरवा वेचला तो बेथलेहेमच्याच शेतात. तिच्या वंशात दावीद राजा जन्मला आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत तिचे नाव आले. २४ डिसेंबरच्या सायंकालीन मिस्सेत आपण ती वंशावळ ऐकतो, आणि कंटाळतोही. कपोटीच्या मनात रूथ होती की नव्हती, हा प्रश्न गौण आहे. नाताळचा केक सरव्यातून होऊ शकतो, हे त्याच्या कथेने दाखवून दिले आहे.

चार दिवसांत एकतीस केक तयार होतात. ते कोणासाठी? घरच्या नातेवाइकांसाठी नव्हेत. एकदाच भेटलेल्या किंवा कधीच न भेटलेल्या माणसांसाठी: बोर्निओला गेलेले एक मिशनरी जोडपे, वर्षातून दोनदा येणारा धारवाला, रोज हात हलवून जाणारा बसचालक, गाडी बंद पडल्यामुळे तासभर ओसरीवर बसलेले प्रवासी, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. टपाल तिकिटांत बटवा रिकामा होतो. ज्यांना जगाने मोजले नाही अशा दोघांनी जग मोजले ते या यादीने. शुभवर्तमानात प्रभू यजमानाला सांगतो की मेजवानी देताना परतफेड करू शकणाऱ्यांना बोलावू नकोस. या कथेत प्रवचनाचा एक शब्दही नाही. पण त्या वचनाचे इतके निर्मळ आचरण वाङ्मयात क्वचितच दिसते.

कथेत भावविवशता नाही असे नाही. आश्रय देणारे नातेवाईक केवळ कठोर आवाजांपुरते उरतात. त्यांनाही काही सोसावे लागत असेल, याचा विचार लेखक करीत नाही. पण शेवट अतिशय संयत आहे. मुलगा लष्करी शाळेत पाठवला जातो. ती एकटीच केक करीत राहते, पूर्वीइतके नव्हे, आणि दरवर्षी त्यांतला सर्वांत चांगला त्याला धाडते. मग एका नोव्हेंबरात केकचे दिवस आल्याचे सांगायला ती उठू शकत नाही. मृतांच्या स्मरणासाठी आपण राखून ठेवलेला महिनाही हाच, हे वाचताना जाणवल्यावाचून राहात नाही.

४

या तीन कलाकृतींच्या उजेडात आपल्या नाताळ अंकांतील लेखनाकडे पाहावे. माझ्या वाचनात आलेल्या स्मरणलेखांत पदार्थांची नावे भरपूर असतात: नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंका, मार्झिपान, मिल्क क्रीम, फुगे आणि इंदियाल. आजीच्या हाताची चव असते, चुलीचा धूर असतो, आणि ‘आता ते दिवस राहिले नाहीत’ हा समारोप असतो. ही नावे मला प्रिय आहेत. पण नावांची माळ म्हणजे वाङ्मय नव्हे. दोदोलचे नारळाचे दूध आणि गूळ आटेपर्यंत तासन्‌तास कोण ढवळीत होते? त्या वर्षी साखर कोठून आणली? ईस्ट इंडियन घरांत बाटली मसाल्याच्या मिरच्या एप्रिल-मेच्या उन्हात वाळत, म्हणजे डिसेंबरच्या स्वयंपाकाची तयारी पावसाळ्यापूर्वीच होई. त्या उन्हात कोण बसत असे? काट्याच्या पाठीवर किंवा नव्या फणीवर कुलकुल वळताना घरातल्या पुरुषांचे हात कोठे होते? आणि ताटे कोणाकडे गेली? हे प्रश्न ज्या लेखात विचारले जातील तो लेख माझ्या मते वाङ्मयाच्या पंक्तीत बसेल.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. आज घरातल्या स्त्रिया नोकरी करतात, लोकलने ये-जा करतात. त्यांनी घरीच सारे करावे असे सुचवणे म्हणजे आठवणींचे ओझे त्यांच्या खांद्यावर टाकणे होय. पण या कलाकृती तसे सांगत नाहीत. क्रॅचिटचा हंस बेकऱ्याच्या भट्टीत भाजला होता. कपोटीच्या केकमधले बरेचसे जिन्नस दुकानातले होते. विकत की घरचे, हा खरा प्रश्न नव्हेच. लूककृत शुभवर्तमानातील मार्थाचे गाऱ्हाणे नीट वाचावे: काम फार आहे असे ती म्हणत नाही, बहिणीने आपल्याला एकटीला टाकले, असे ती म्हणते. प्रभूने तिला चिंतेतून मन काढायला सांगितले, म्हणून तिच्या एकटेपणाकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना घरातल्या इतरांना मिळत नाही. क्रॅचिटच्या मार्थाला ताटल्या पुसताना असे गाऱ्हाणे करावे लागत नाही, कारण सारे घर तिच्याबरोबर कामाला लागलेले आहे. कपोटीच्या कथेतले शेवटचे केक दुःखाचे आहेत, कारण अक्रोड फोडायला दुसरे हात उरलेले नाहीत.

म्हणून यंदा पाव किलो कुलकुल दुकानातून आले तर हरकत नाही. परंतु यादी मात्र घरीच व्हावी, आणि ती करताना मुले जवळ असावीत. गोव्यात शेजाऱ्यांना धाडायच्या नाताळच्या गोडधोडाला कोंसुआद म्हणतात. आपल्याकडे दिवाळीचा फराळ ज्या घरांतून येतो त्या घरांत नाताळचे ताट जाते, आणि आलेले भांडे रिकामे परत पाठवू नये असा रिवाज आहे. त्या यादीत कचरा नेणारा आहे का, मजल्यावरच्या बंद दारामागचे वृद्ध जोडपे आहे का, ज्यांच्याशी गेल्या वर्षी वाद झाला ते घर आहे का, हे पाहावे. डिकन्स, जॉइस आणि कपोटी वाचून झाल्यावर आपल्या हाती उरते ते एवढेच काम. ते करताना कोणी टिपणे ठेवली, किमती, प्रमाणे, नावे आणि कोण कोणाशी बोलेनासे झाले तेही लिहून ठेवले, तर आपल्या पुढच्या एखाद्या नाताळ अंकाला खरी कथा मिळेल.